मिठागरांच्या टेपा

मामाला संग्रहालयाची फेलोशिप मिळाल्याचा फोन आला तेव्हा मामी शिलाई मशीनवर बसून कुणाची तरी पॅन्ट आखूड करत होती.

"कुणाला म्हणालात?" तिने मशीन न थांबवता विचारलं.

"मला."

"या वयात शिष्यवृत्ती? मग दप्तर कसलं शिवू, पाठीवरचं की खांद्यावरचं?"

मामा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. पुढे बरेच दिवस मामी हा प्रसंग येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मग एका टप्प्यावर तिने तो सांगणं बंद केलं.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. आमचे आजोबा मिठागरावर कामाला होते, समुद्राचं पाणी वाफ्यांत घेऊन उन्हावर आटवायचं आणि वर आलेलं मीठ लाकडी फळीने ओढून ढीग लावायचे, असं काम. मामा आणि आई बांधाच्या कडेला असलेल्या कामगारांच्या चाळीत वाढले. मामा शिकला, शाळेत इतिहासाचा मास्तर झाला. पण शाळेच्या पुस्तकात लढाया आणि तह, आणि त्याच्या डोक्यात मात्र मिठागर. प्रत्येक सुट्टीत तो शाळेचा गाण्याच्या तासाचा टेपरेकॉर्डर मागून घ्यायचा आणि बांधावर जाऊन म्हाताऱ्या कामगारांना बोलतं करायचा. कुठल्या वाऱ्याला काय म्हणतात, पाणी पुरेसं खारं झालं हे जिभेवर कसं ओळखतात, बांध फुटून समुद्र आत आला ते वर्ष, मालकाने फाटकाला कुलूप घातलं तो हिवाळा. वीसेक वर्षं हेच चाललं होतं. मामी म्हणायची, "लोक सुट्टीत बायकोला घेऊन फिरायला जातात. मला हे बांधावर नेऊन चिखलात उभं करतात."

मग मिठागर बंद पडलं. वाफे बुजवून तिथे गोदामं झाली. बोललेली माणसं एकामागून एक गेली. मामाच्या घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा त्याला कॅसेटांचा घोर लागला, आणि त्याने त्या सगळ्या आमच्या शहरातल्या प्रादेशिक इतिहासाच्या संग्रहालयाला देऊन टाकल्या.

"आधी दुसरी प्रत काढून ठेवा," मामी तेव्हा म्हणाली होती.

"अगं, संग्रहालय आहे ते. राजेरजवाड्यांचे कागद राहतात तिथे."

"राजेरजवाड्यांचे राहत असतील. मिठागरवाल्यांचे राहतील याची हमी कोण देतंय?"

मामाला हे बोलणं लागलं. त्याच्या लेखी, संग्रहालयाने ती खोकी ठेवून घेतली, हाच त्या माणसांचा मोठा मान होता. प्रत काढणं म्हणजे त्या मानावर संशय घेणं. निवृत्तीनंतर निवांत काढू, असं म्हणून त्याने तो विषय संपवला.

संग्रहालयाचं ग्रंथालय दरवर्षी काही अभ्यासकांना फेलोशिप द्यायचं. सहा महिने वाचनालयात स्वतःचं टेबल, संग्रहातलं काहीही मागवायची मुभा, मागच्या आवारात राहायला खोली, थोडं मानधन. शेवटी एक जाहीर व्याख्यान द्यायचं आणि अहवाल लिहायचा. ती बहुतेक प्राध्यापकांना मिळायची. निवृत्त झाल्यावर मामाने अर्ज करायला घेतला, तर दोनदा नकार आला, पार्श्वभूमी अपुरी म्हणून. तिसऱ्यांदा त्याने अर्जात सरळ लिहिलं की या टेपांमधली बोली समजणारा बहुधा मी एकटाच उरलोय, आणि मीही काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही. तो अर्ज मंजूर झाला.

आई आणि मी संग्रहालयापासून तीन बस-थांब्यांवर राहायचो. मी हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवर काम करते. मामा आला त्या आठवड्यात मी त्याची खोली लावायला गेले. लोखंडी पलंग, एक खुर्ची, खिडकीबाहेर सायकलींची शेड. त्याला ती खोली महालासारखी वाटली. वाचनालय तर त्याने मला अशा थाटात दाखवलं की जणू त्यानेच बांधलंय. तिथे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी बाहेरच्या कपाटात. जुनं पुस्तक हातात धरायचं नाही, मऊ उशीवर ठेवायचं. हे सगळे नियम तो कौतुकाने सांगत होता.

"बघ पोरी, कागदाला इथे उशी मिळते," तो हळूच म्हणाला. "तुझ्या आजोबांना मिळाली नव्हती."

रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. आईला मिठागराचं प्रेम अजिबात नव्हतं. तिच्या लेखी मिठागर म्हणजे पायांच्या भेगा आणि उन्हाने लाल झालेले डोळे. मामा बोलायला लागला की ती भांडी आवरायला उठायची. पण त्या पहिल्या रविवारी ती उठली नाही.

"दादा, त्या खोक्यांत सगळेच असतील ना?" तिने बशीत चहा ओतत विचारलं.

"सगळे म्हणजे?"

"म्हणजे सगळेच."

मामाला कळलं. "बाबा आहेत, चिमणे. एक पूर्ण बाजू आहे त्यांची."

आजोबा गेले तेव्हा मी तान्ही होते. त्यांचा एकच फोटो आमच्याकडे आहे, तोही घोळक्यातला. त्यात त्यांनी उन्हासाठी हात कपाळावर धरल्यामुळे तोंड दिसत नाही. आईने बशीतला चहा संपवला. पण नंतरच्या प्रत्येक रविवारी, मामा चपला काढत असतानाच, ती विचारायची, "झालं का सुरू तुझं?" आणि तो म्हणायचा, "यंत्र दुरुस्तीला गेलंय, आलं की पहिली बाबांचीच लावतो."

यंत्र आलं. मामाने आईला बोलावलं. तिने गुडघ्याचं कारण सांगितलं आणि मला पाठवलं. "तू ऐक आणि मला सांग," ती म्हणाली. "आधी तू ऐक."

ध्वनी विभाग म्हणजे तळमजल्याच्या टोकाची, गालिचा घातलेली लहानशी खोली. तिथे एकच तंत्रज्ञ होता. कमी बोलणारा, कानामागे पेन्सिल खोचलेला. मामाने त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं, आणि त्यालाही ते आवडलं असावं. कानसेन या नोकरीत नवा होता. त्याने राखाडी खोकं टेबलावर ठेवलं, वरची चिठ्ठी वाचली, "पाहणी झाली, स्थिती चांगली," आणि झाकण काढलं.

आधी वास आला. ओल्या गोणपाटाचा असतो तसा. आत कॅसेटा ओळीने नीट लावलेल्या होत्या. कानसेनने एक उचलून दिव्याखाली धरली. तिच्या खिडकीतून आतली फीत दिसायला हवी होती. तिथे पांढरी बुरशी होती, पिठासारखी. त्याने दुसरी उचलली, तिसरी उचलली. मामा वाकून बघत होता. तो म्हणाला, "पुसून घेऊ की. वरवरचं असेल."

कानसेनने फोन केला, दोघांशी बोलला, आणि परत येऊन उभ्याउभ्याच सांगितलं. काही वर्षांपूर्वी तळघरातला पंप बंद पडून पाणी शिरलं होतं. खालच्या फळ्यांवरची खोकी भिजली. ती वाळवून, नवी खोकी आणून, पुन्हा फडताळात ठेवली. कागद एकेक करून तपासले गेले. कॅसेटा प्लॅस्टिकच्या, म्हणून बाहेरून बघून सोडून दिल्या.

"मला कुणी कळवलं नाही," मामा म्हणाला.

"कळवायला कुणाला सुचलं नसावं," कानसेन म्हणाला. त्याचा त्यात काहीच दोष नव्हता, तरी त्याने मान खाली घातली होती.

आजोबांची कॅसेट त्याने लावून बघितलीच नाही. फीत तुटेल म्हणाला. आधी सगळ्या साफ करायच्या, मंद उष्णतेत सुकवायच्या, मग एकेक. मी घरी येऊन आईला सांगितलं की अजून वेळ लागणार आहे. "लागू दे," ती म्हणाली. "इतकी वर्षं गेली."

पुढचे दोन-अडीच महिने मामा आणि कानसेन ती खोली सोडून कुठे गेले नसतील. मास्क लावून, मऊ ब्रशने, फितीचा वीतभर वीतभर तुकडा साफ करत बसायचे. कानसेन रजेच्या दिवशीही यायचा. मामाच्या बोटांची कातडी औषधाने सोलवटली. मी मलम नेऊन दिलं तर म्हणाला, "आपल्या घरात मिठाने बोटं सोलवटायची रीतच आहे." तेवढी एक थट्टा त्याच्यात शिल्लक होती.

बऱ्याच कॅसेटांमधून काहीच आलं नाही, नुसती घरघर. काहींची फीत यंत्रात जातानाच खवले सोडायची. मग एके दिवशी एका कॅसेटमधून माणसाचा आवाज आला. मी दुपारची पाळी संपवून तिथेच गेले होते. मामाने हेडफोन काढले आणि आवाज खोलीत सोडला.

एक तरुण, खणखणीत आवाज म्हणाला, "मग बांध फुटला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

त्यानंतर घरघर. बराच वेळ. घरघरीच्या खाली काहीतरी हलत होतं, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसं. एकही शब्द लागत नव्हता. मग पुन्हा तोच तरुण आवाज, "म्हणजे भरतीचं दार उघडंच राहिलं होतं, असंच ना? मी एका पुस्तकात वाचलंय की," आणि मग त्या पुस्तकाबद्दल लांबलचक काहीतरी.

"हा मी," मामा म्हणाला.

कानसेनने समजावलं. टेपरेकॉर्डर मामाच्या मांडीवर असायचा. त्याचा आवाज जवळून आणि जोरात, म्हणून खराब फितीवरही थोडा टिकला. समोरचा माणूस लांब बसलेला, हळू बोलणारा, वाऱ्यात. त्यांचा आवाज आधीच पुसट होता, तो बुरशीने खाल्ला.

ज्या टेपांमधून काही निघालं, त्या सगळ्यांत हेच निघालं. मामाचे प्रश्न राहिले आणि उत्तरं गेली. आणि प्रश्नही कसले. त्याने मला त्याच दिवसांत एकदा सांगितलं, ऐकताना सगळ्यात असह्य काय झालं असेल तर आपलाच आवाज. एखादं उत्तर सुरू व्हायचं, त्या घरघरीखालची हालचाल जरा लय धरायची, आणि लगेच हा मध्ये. मला माहीत आहे, मी वाचलंय, मी सांगतो. "त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही मी, पोरी. मला वाटायचं मी त्यांना बोलतं करतोय."

आजोबांची कॅसेट सगळ्यात शेवटी लावली. तीत सुरुवातीला मामा म्हणतो, "बाबा, बोला आता." पुढे पूर्ण बाजूभर काही नाही. मध्ये कुठेतरी एक खोकला आहे. तो आजोबांचा की मामाचा, हे मामालाही सांगता येईना.

त्या रविवारी तो आला तेव्हा आईने दारातच विचारलं नाही. त्याचं तोंड बघूनच तिला कळलं असावं. जेवण झालं. मग मामाने सांगितलं, सगळं, खोकल्यासकट. मला वाटलं आई चिडेल. संग्रहालयावर, मामावर, कुणावर तरी. ती टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होती.

"बाबा तसे कमीच बोलायचे," ती म्हणाली.

"त्या दिवशी बोलले होते, चिमणे. खूप बोलले होते."

"काय बोलले होते?"

मामा आठवू लागला. मी बघत होते. "मीठ पिकायच्या आधी पाण्यावर साय धरते त्याचं बोलले. आईबद्दल काहीतरी बोलले. तुझ्याबद्दल पण. तू लहानपणी..." आणि तो थांबला. "नाही. ते बहुतेक मलाच आठवतंय. त्यांनी सांगितलेलं नाही ते."

आई उठली आणि तिने नळ सोडला. त्यानंतरच्या रविवारी तिने टेपांचं नाव काढलं नाही. कधीच काढलं नाही.

बोललेल्यांपैकी एक बाई अजून हयात होत्या. त्यांचा नवरा भरतीच्या दाराचा राखणदार. समुद्राचं पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी अडवायचं हे त्या दारावर ठरायचं. नवरा पिऊन पडलेला असला की दार ह्याच बाई सांभाळायच्या, म्हणून सगळे त्यांना दारवाली म्हणायचे. आता त्या शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात होत्या. मामाने मला बरोबर घेतलं. जाताना बसमध्ये त्याने दोनदा माझ्या फोनवर रेकॉर्डिंग कसं होतं ते बघून घेतलं. त्या प्रवासात तो जरासा पहिल्यासारखा दिसत होता.

वृद्धाश्रमाच्या लांब खोलीत खिडकीशी त्यांची खुर्ची होती. मांडीवर घोंगडी, हात घोंगडीच्या आत.

"मावशी, मी मास्तर. बांधावर टेप घेऊन यायचो."

त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "हां. तो मध्येमध्ये बोलणारा."

मी स्टूल ओढून त्याला दिलं.

"मावशी, बांध फुटला त्या वर्षाचं तुम्ही मला सांगितलं होतंत. ते पुन्हा एकदा सांगाल का? जमेल तेवढंच."

"सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग झालं की."

"ते खराब झालं, मावशी. टेपांमध्ये पाणी शिरलं."

बाई हसल्या. दात नव्हते, त्यामुळे हसू नुसतं ओठांत राहिलं. "पाण्याचं होतं, पाण्यात गेलं."

मामाही कसनुसा हसला. मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझा धाकटा त्या पाण्यात गेला. ते बोलले होते का मी?"

"बोलला होतात."

"इतकी वर्षं कुणाजवळ बोलले नव्हते. घरातही नाही. तू यंत्र घेऊन आलास, म्हटलं, याला सांगू, हा जपून ठेवेल. त्या दिवशी सांगितलं आणि सुटले मी. त्यानंतर झोप लागायला लागली मला." त्यांनी मान वळवली. "आता पुन्हा ते सगळं कुठून वर काढू रे? नको विचारूस."

"नाही विचारत," मामा म्हणाला.

आम्ही उठणार इतक्यात त्यांनी घोंगडीतून हात काढून त्याची बाही धरली.

"त्याचं नाव घेतलं होतं मी. ते तरी राहिलंय ना?"

मामा खोटं बोलू शकला असता. मी त्याच्या जागी असते तर बोलले असते. तो म्हणाला, "नाही मावशी. तेही गेलं."

त्यांनी बाही सोडली. निघताना आम्ही दारातून वळून पाहिलं तर त्या तशाच बसल्या होत्या, हात घोंगडीबाहेर. फोन माझ्या पर्समध्येच राहिला होता. परतीच्या बसमध्ये मामाने काचेला डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. झोपला नव्हता तो.

फेलोशिप संपायला अजून काही आठवडे होते. संग्रहालयाच्या संचालक बाईंनी त्याला बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतः उठून चहा ओतून दिला, झाल्या प्रकाराबद्दल मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, "पण तुम्ही आहात ना. तुम्हाला सगळं आठवत असेल. तुम्ही लिहून काढा. व्याख्यानालाही तेच द्या. लोक भारावून जातील."

"मला आठवतं ते माझं झालं," मामा म्हणाला. "त्यांचं नाही. तसं लिहिलं तर पुन्हा मीच मध्ये बोललो असं होईल."

"काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं नाही का?"

"मलाही तसंच वाटायचं."

व्याख्यान त्याने दिलं नाही. संग्रहालयाने तब्येतीचं कारण कळवलं. अहवालाच्या जागी त्याने वेगळंच काम हाती घेतलं. ग्रंथालयाच्या सूचीत त्या प्रत्येक कॅसेटची नोंद होती. कोण बोलतंय, कशाबद्दल, आणि शेवटी "स्थिती चांगली". मामाने एकेक नोंद घेऊन दुरुस्ती लिहायला घेतली. आवाज नाही. आवाज नाही. फक्त विचारणाऱ्याचा आवाज. आवाज नाही. सकाळी वाचनालय उघडलं की तो आपल्या टेबलावर जाऊन बसायचा आणि पेन्सिलने हेच लिहायचा. मी एकदा जेवणाच्या सुट्टीत गेले तर बाजूच्या टेबलावरची मुलगी मला म्हणाली, "तुमचे मामा किती मन लावून काम करतात."

"कशाला करतोस हे?" मी त्याला विचारलं.

"उद्या कुणी लांबून येईल. माझ्यासारखाच अर्ज करून, आशेने. त्याचा एवढा तरी वेळ वाचेल."

त्याने सगळ्या दुरुस्त्या संचालक बाईंना नेऊन दिल्या. त्यांनी त्या चाळल्या, चष्मा काढला. एकदम इतक्या नोंदी बदलायच्या तर समितीपुढे ठेवावं लागेल, त्या म्हणाल्या. पाणी शिरल्याचं प्रकरण आधी समितीपुढे आलेलंच नाही, मग सगळंच निघेल. ठेवते मी, योग्य वेळी ठेवते. मामाने मान हलवली. त्याने शाळेत आयुष्य काढलं होतं. योग्य वेळ म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी कानसेन त्याला बसपर्यंत पोचवायला आला. सामान होतं थोडंच. दोघे थांब्यावर उभे राहिले. बस आली तेव्हा कानसेनने त्याची पिशवी आत चढवून दिली आणि म्हणाला, "सर, मी त्या टेपांचं काम पूर्ण बंद केलेलं नाही. एखादं नवं तंत्र आलं तर बघेन." मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्याच वर्षी ध्वनी विभाग बंद झाला आणि कानसेन लग्नसमारंभांना लाउडस्पीकर पुरवणाऱ्याकडे लागला.

मामा तिथे होता त्या वर्षीची संग्रहालयाची माहितीपुस्तिका मला हॉस्पिटलमध्ये कुणीतरी आणून दाखवली. फेलोशिपच्या पानावर मामाचा फोटो होता. हेडफोन लावलेला, डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, "मौखिक इतिहासाच्या समृद्ध संग्रहाचा आस्वाद घेताना एक अभ्यासक." मी ती पुस्तिका घरी आणली नाही. सूची मी अधूनमधून कॉम्प्युटरवर बघते. काही बदललेलं नाही. आजोबांच्या नावापुढे अजूनही स्थिती चांगली आहे.

घरी गेल्यावर मामा आजारी वगैरे पडला नाही. लोकांना वाटलं होतं पडेल. तो बाजारहाट करायचा, मामीच्या ग्राहकांचे कपडे पोचवायचा, शेजारच्या मुलांना गणित शिकवायचा. इतिहास शिकवा म्हटलं तर नाही म्हणायचा. शाळेतला जुना टेपरेकॉर्डर मोडीत निघाला तेव्हा मुख्याध्यापकांनी आठवण म्हणून तो देऊ केला. मामाने घेतला नाही. कुणी मिठागराचा विषय काढला तर इतकंच म्हणायचा, "होतं तिथे एक." आणि दुसरीकडे वळायचा.

मी गेले की मामी मला स्वयंपाकघरात ओढायची. "अगं, दाराला कडी लागावी तसा झालाय हा माणूस," ती हळू आवाजात सांगायची. जन्मभर तिने त्या मिठागराला नावं ठेवली. कुणी म्हणालं असतं की पुढे तीच त्याबद्दल विचारेल, तर ती हसली असती. पण तिने ते केलं. जेवताना ती मुद्दाम काहीतरी काढायची.

"अहो, तो वारा कुठला म्हणायचात, ज्याने मीठ लवकर धरतं?"

"तुला कशाला हवंय?"

"सहज. विसरले मी."

"विसरलीस तर बरं झालं."

दुसऱ्या दिवशी ती दुसरं काही विचारायची. बांधाची उंची, फळीचा दांडा कसल्या लाकडाचा, दारवालीच्या नवऱ्याच्या गमती. जे तिने हजारदा ऐकलं होतं, कंटाळून ऐकलं होतं, तेही. मामा ताटातून मान वर करायचा नाही. "माहीत नाही" म्हणायचा, किंवा "पाणी दे" म्हणायचा. एकदा माझ्यादेखत तिने मुद्दाम चुकीचं सांगितलं, भरतीचं पाणी उन्हाळ्यात आत घेत नाहीत ना हो, असं. मला वाटलं आता तरी हा चिडून दुरुस्त करेल. मामाने घास गिळला आणि म्हणाला, "नसतील घेत."

मामी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या ताटाकडे पाहिलं, आणखी वाढू का विचारलं, आणि त्या दिवसानंतर तिनेही विचारणं सोडून दिलं.